बडी बोल्डन : दंतकथा आणि दप्तर

कलेच्या इतिहासकाराला सामान्यतः एक सोय लाभलेली असते. कर्ता गेला तरी कृती मागे राहते. शिल्पकाराचे नाव लोक विसरले तरी लेणे जागच्या जागी उभे असते. कवीच्या जन्मतिथीविषयी विद्वानांचे एकमत झाले नाही तरी त्याची कविता हाताशी असते. कृतीवरून मागे जात जात कर्त्यापर्यंत पोचावयाचे, एवढेच काम मग शिल्लक राहते. परंतु विसाव्या शतकात ज्या संगीतप्रकाराने सारे जग व्यापून टाकले त्या जाझच्या इतिहासात पहिल्या पानावर ज्या पुरुषाचे नाव लिहिण्याची वहिवाट पडली आहे, त्याची एकही कृती आज उपलब्ध नाही. त्याने वाजविलेला एक स्वरही आज कोणाला ऐकावयास मिळत नाही. त्याच्या हातचे स्वरलेखन नाही, पत्र नाही, आठवणी नाहीत. एक धूसर छायाचित्र, नगरपालिकेच्या व पोलिसांच्या दप्तरांतील काही नोंदी आणि वेड्यांच्या इस्पितळातील कागद, एवढीच काय ती सामग्री. असे असूनही अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराचा हा कॉर्नेटवादक चार्ल्स बोल्डन, लोकांच्या तोंडी ‘बडी’ बोल्डन, जाझचा आद्य पुरुष म्हणून आज शतकाहून अधिक काळ लोकांच्या मनात घर करून आहे.

ही कीर्ती कशावर उभी आहे? ती केवळ ऐकीव गोष्टींवर उभी असेल तर इतिहासाने तिचे काय करावे? आणि त्या गोष्टी वजा केल्यावर काही उरते की नाही? बखर आणि अस्सल कागद यांच्यातील वाद मराठी वाचकाला नवीन नाही. तेव्हा सातासमुद्रापलीकडच्या या वादकाचे चरित्र त्या दृष्टीने पाहणे अप्रस्तुत होणार नाही.

१

प्रथम त्या शहराविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. मिसिसिपी नदीच्या मुखाजवळ वसलेले न्यू ऑर्लिन्स हे शहर फ्रेंचांनी १७१८ मध्ये स्थापिले. पुढे ते काही काळ स्पॅनिश अंमलाखाली गेले, आणि १८०३ मध्ये लुइझियाना प्रांताच्या खरेदीबरोबर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सामील झाले. त्यामुळे इतर अमेरिकन शहरांपेक्षा त्याची घडण निराळी. नाटकगृहे, नाच, मिरवणुका आणि वाद्ये यांचा तेथे सुकाळ होता. गुलामगिरीच्या काळातही आफ्रिकी गुलामांनी रविवारी काँगो चौकात जमून आपले ढोल वाजवावेत व नाचावे, अशी मुभा त्या शहरात असे. यादवी युद्धानंतर (१८६१–६५) लष्करी धर्तीच्या पितळी वाद्यांच्या बँडांचे प्रस्थ माजले. मंडळाची सहल असो, राजकीय सभा असो की प्रेतयात्रा असो, बँडावाचून कोणाचे पान हलत नसे.

परंतु या उत्सवप्रिय शहराची दुसरी बाजू काळीकुट्ट होती. गुलामगिरी गेली, पण गुलामांच्या मुलांना नागरिकत्व मिळाले ते कागदोपत्री. याच शहरातील होमर प्लेसी याने आगगाडीतील वर्णभेदाविरुद्ध चालविलेला खटला १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फेटाळला गेला आणि ‘वेगळे पण समान’ या गोंडस नावाखाली भेदभावाला कायद्याचे संरक्षण मिळाले. १९०० च्या जुलै महिन्यात रॉबर्ट चार्ल्स नावाच्या कृष्णवर्णीयाची पोलिसांशी चकमक झाल्याचे निमित्त होऊन गोऱ्या जमावाने कित्येक दिवस शहरभर कृष्णवर्णीयांवर हल्ले केले. फ्रेंच व आफ्रिकी रक्ताच्या मिश्रणातून झालेला ‘क्रिओल’ समाज तोवर स्वतःला निराळा मानीत असे. त्याची राहणी व वाचन-लेखन युरोपीय धर्तीचे. त्यातील वादक कागदावरील स्वरलेखन पाहून शुद्ध वाजविणारे. नव्या कायद्यांनी या समाजालाही सरसकट काळ्यांच्या रांगेत नेऊन बसविले. शहराच्या वरच्या भागातील गरीब कृष्णवर्णीय कानाने शिकत. खालच्या भागातील क्रिओल डोळ्यांनी वाचीत. या दोन विद्यांची गाठ ज्या काळात पडत होती, तोच बोल्डनच्या उमेदीचा काळ होय.

२

चार्ल्स जोसेफ बोल्डनचा जन्म ६ सप्टेंबर १८७७ रोजी झाला. बाप वेस्टमोर हा मालाच्या गाड्या हाकणारा. मुलगा सहा वर्षांचा असताना, १८८३ मध्ये, तो वारला. एक बहीण त्यापूर्वीच दगावली होती. मागे उरली आई अ‍ॅलिस, धाकटी बहीण कोरा आणि हा मुलगा. पुढे हे कुटुंब फर्स्ट स्ट्रीट नावाच्या रस्त्यावरील एका लहानशा घरात राहावयास गेले, आणि बोल्डनचे पुढचे बहुतेक स्वतंत्र आयुष्य त्याच वस्तीत गेले. घरची मंडळी बॅप्टिस्ट पंथाच्या देवळात जात. तेथील टाळ्यांच्या ठेक्यावरील, प्रश्नोत्तरांच्या धाटणीची सामुदायिक गाणी मुलाच्या कानावर लहानपणापासून पडली असणार.

कॉर्नेट त्याने हाती घेतले ते तसे उशिरा, ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर. मॅन्युएल हॉल नावाच्या शेजाऱ्याने त्याला पहिले धडे दिले असे सांगतात. आपल्याकडील लग्नाच्या बँडामुळे या वाद्याचे दर्शन बहुतेकांना झालेले आहे. ट्रंपेटाचेच हे आखूड भावंड. तीन चाप, वळसे घेत रुंदावत जाणारी नळी, आणि त्यामुळे थोडा गोलसर, माणसाच्या कंठाच्या जवळ जाणारा ध्वनी. चापांचे काम मर्यादित असते. स्वराची उंची, रंग आणि कंप हे सारे ओठांच्या ताणावर आणि छातीतील दमावर अवलंबून असते. ज्याला बोलल्यासारखे, विनविल्यासारखे किंवा गुरकावल्यासारखे वाजवावयाचे असेल त्याला हे वाद्य सोईचे, आणि ज्याच्या छातीत जोर असेल त्याला ते गर्दीवर हुकमत गाजवू देणारे.

शहराच्या नामसूचीत बोल्डनची नोंद आरंभी गिलावा करणारा कारागीर अशी आढळते. पुढे तीत ‘वादक’ हा शब्द येतो. एका कष्टकरी विधवेच्या मुलाने वाद्य वाजवून पोट भरावे आणि सरकारी सूचीत तसे छापून यावे, ही लहान गोष्ट नव्हे. १८९५ च्या सुमारास तो तंतुवाद्यांच्या एका लहान मेळ्यातून वाजवू लागला आणि शतक संपण्यापूर्वी त्याचा स्वतःचा बँड जमला. जे एकमेव छायाचित्र उपलब्ध आहे ते १९०५ च्या सुमाराचे समजले जाते. त्यात सहा माणसे आहेत : क्लॅरिनेट घेतलेले फ्रँक लुइस व विली वॉर्नर, ट्रोम्बोनवाला विली कॉर्निश, गिटारवाला ब्रॉक ममफर्ड, मोठे व्हायोलिन धरलेला जिमी जॉन्सन, आणि एका हाताच्या तळव्यावर कॉर्नेट सहज टेकवून उभा असलेला बोल्डन. मूळ प्रत गहाळ झाली असून आज जे दिसते ती प्रतीची प्रत आहे. या चित्राची डावी-उजवी बाजू छापताना उलटली की काय, यावरही अभ्यासकांत वाद आहे. कारण एका बाजूने पाहिले तर गिटारवाला व व्हायोलिनवाला डावरे ठरतात आणि दुसऱ्या बाजूने पाहिले तर क्लॅरिनेटवाल्यांचे हात चुकतात. ज्या माणसाचे एकच चित्र उरले, तेही सुलटे कोणते हे सांगता येऊ नये, यात त्याच्या चरित्राचे सगळे सार आले आहे.

३

तो वाजवीत असे म्हणजे नेमके काय करीत असे? येथे आपल्याला त्याच्या श्रोत्यांवर आणि सहकाऱ्यांवर विसंबावे लागते. त्यांच्या साक्षी पुष्कळ वर्षांनी घेतल्या गेल्या. तथापि काही गोष्टींवर त्यांचे मतैक्य दिसते. पहिली गोष्ट आवाजाची. त्याच्याइतके मोठ्याने कोणी वाजवीत नसे, असे जवळजवळ प्रत्येकजण सांगतो. वीस मैलांवरून, नदीपलीकडून त्याचे कॉर्नेट ऐकू येई, इथपर्यंत ही गोष्ट वाढलेली आहे. मैलांचा आकडा सोडून द्यावा. पण ज्या शहरात मोटारी जवळजवळ नव्हत्या, जमीन ताटासारखी सपाट होती, घरे ठेंगणी होती आणि उन्हाळ्यात खिडक्या रात्रभर उघड्या असत, तेथे उद्यानातील एका सशक्त वादकाचा सूर दूरच्या वस्तीत ऐकू यावा यात अशक्य काही नाही. लिंकन पार्क या कृष्णवर्णीयांच्या उद्यानात त्याचा बँड वाजत असे, आणि शेजारीच जॉन्सन पार्क होते. कार्यक्रमाच्या आरंभी तो उद्यानाबाहेर तोंड करून एक सूर लावी व त्याला ‘आपल्या लेकरांना घरी बोलावणे’ म्हणत; मग दुसरीकडची गर्दी हळूहळू इकडे वळे, अशी आख्यायिका आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्याचा प्रतिस्पर्धी जॉन रोबिशो हा क्रिओल संचालक. त्याच्या वाद्यवृंदात व्हायोलिन प्रमुख, समोर कागद, आणि चाली छापील. बोल्डनने व्हायोलिनचे प्रमुखपद कॉर्नेटाला दिले. नाचाच्या प्रचलित चाली, रॅगटाइमचे आडवेतिडवे ठेके, देवळातील उपासनेचा आवेश आणि मजुरांच्या वस्तीतील ‘ब्लूज’ नावाची संथ, दुखरी गाणी, या सगळ्यांना त्याने एका भांड्यात घातले. चाल ऐकून घ्यावी आणि मग तिच्यात आपल्या मनाने भर घालावी. रात्र चढत जाईल तसा ठेका संथ करीत न्यावा आणि जोडपी एकमेकांना बिलगून नाचतील असे काही वाजवावे, ही त्याची रीत. जॉर्ज बाके हा चांगला शिकलेला क्लॅरिनेटवादक. बोल्डनला त्याने प्रथम एका सभागृहात ऐकले, तेव्हा आपण असे काही पूर्वी कधीच ऐकले नव्हते असे त्याने पुढे सांगितले आहे. कागदावर वाचून वाजविणाऱ्याची ही कबुली आहे, म्हणून तिचे मोल अधिक.

पर्डिडो रस्त्यावर युनियन सन्स हॉल नावाची एक इमारत होती. शनिवारी रात्री तेथे बोल्डनचा नाच चाले आणि रविवारी सकाळी त्याच जागेत उपासना होई, असे सांगतात. कोंदट, घामट दालनातील दुर्गंधीची थट्टा करणारे एक गाणे त्याच्या नावावर होते. ते इतके लोकप्रिय झाले की त्या इमारतीला लोकांनी गाण्याचेच असभ्य नाव देऊन टाकले. त्या गाण्यातील एक धून १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेंट लुइस टिकल’ या छापील रॅगमध्ये आढळते, आणि तीच पुढे जेली रोल मॉर्टनने बोल्डनच्या आठवणीत ध्वनिमुद्रित केली. ती चाल बोल्डनची स्वतःची की रस्त्यावरून त्याने उचललेली, हे ठरविण्यास साधन नाही. पण ती त्याची ओळख झाली खरी.

एक गोष्ट येथे लक्षात ठेवावी. आपण वाजवितो ते ‘जाझ’ आहे, असे बोल्डनने कधी म्हटले नसणार. कारण तो शब्द संगीताला लागला तेव्हा बोल्डन वाजविण्याचे थांबून काही वर्षे उलटली होती. त्याच्या मनात नवा संप्रदाय स्थापण्याचा विचार असेल असे मानण्यास आधार नाही. नाचणाऱ्या लोकांचे पाय त्याला हलवावयाचे होते. पुष्कळ संप्रदायांचे जन्म असेच होतात. नामकरण मागाहून होते आणि तोवर जन्मदाता बहुधा समारंभाला हजर नसतो.

४

बोल्डनच्या बाबतीत तो फार दूर गेलेला होता. १९०६ च्या वसंतात त्याला तीव्र डोकेदुखीचा त्रास सुरू झाला, मन संशयी बनले, आपलेच कॉर्नेट पाहून तो भिऊ लागला असे सांगतात. मार्च महिन्यात, आपल्याला औषध घालून मारण्याचा घाट आहे अशा भ्रमात, त्याने आपल्या सासूच्या डोक्यावर पाण्याची सुरई मारली आणि पोलिसांनी त्याला पकडले. त्याच्या हयातीत वर्तमानपत्रात त्याचे नाव छापून आल्याचे आढळते ते या प्रसंगाने. सारे शहर ज्याच्या सुरावर नाचत होते त्याच्या वादनाविषयी एक ओळ लिहावी असे कोणा बातमीदाराला वाटले नव्हते. त्याचे डोके फिरताच मात्र त्याची बातमी झाली.

त्याच वर्षी सप्टेंबरात कामगार दिनाच्या मोठ्या मिरवणुकीत तो अखेरचा वाजविला. तीही मध्येच सोडून गेला असे म्हणतात. त्यानंतर पुन्हा अटक, आणि १९०७ च्या मार्चमध्ये तिसऱ्यांदा. ५ जून १९०७ रोजी त्याला लुइझियाना संस्थानाच्या जॅक्सन येथील वेड्यांच्या इस्पितळात पाठविण्यात आले. त्याचे वय एकोणतीस वर्षांचे होते. पत्नी नोरा आणि बर्नेडीन नावाची लहान मुलगी मागे राहिली. वाद्यावर सत्ता गाजविण्याची त्याची वर्षे हिशेबाला धरली तर जेमतेम दहा भरतात.

यानंतर तो चोवीस वर्षे जगला, सर्व काळ त्याच इस्पितळात. डॉक्टरांनी १९२५ मध्ये त्याच्या विकाराला त्या काळच्या वैद्यकाने दिलेले ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’ हे नाव लिहून ठेवले आहे; आज आपण ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतो त्याच्याशी ते मिळतेजुळते. आपल्याशीच पुटपुटत, दालनातील खांबांना व भिंतींना स्पर्श करीत तो फिरत असे, अशी नोंद आहे. अतिमद्यपान, वाजविण्याचा अनावर ताण, वर्णभेदाचा जाच अशी अनेक कारणे लेखकांनी सुचविली आहेत. शंभर वर्षांपूर्वीच्या रोग्याचे निदान आज करू जाणे शहाणपणाचे नव्हे. आई आणि बहीण त्याच्या प्रकृतीची चौकशी करणारी पत्रे पाठवीत. वर्षे सरत गेली तशी उत्तरांतील आशा आटत गेली.

इकडे बाहेरच्या जगात काय घडत होते? १९१७ च्या फेब्रुवारीत न्यू ऑर्लिन्सच्याच पाच गोऱ्या वादकांनी न्यू यॉर्क येथे जाझची पहिली ध्वनिमुद्रिका काढली आणि ती अमाप खपली. १९२३ मध्ये जो ‘किंग’ ऑलिव्हर या कृष्णवर्णीय कॉर्नेटवादकाचा बँड ध्वनिमुद्रित झाला. त्याच्या शेजारी बसून दुसरे कॉर्नेट वाजविणारा तरुण म्हणजे लुई आर्मस्ट्राँग. याच आर्मस्ट्राँगने पाच वर्षांचा असताना त्या पर्डिडो रस्त्यावरील सभागृहाबाहेर बोल्डनला ऐकल्याची आठवण सांगितली आहे. १९३१ च्या उन्हाळ्यात आर्मस्ट्राँग नऊ वर्षांनी आपल्या गावी परतला, तेव्हा स्थानकावर त्याच्या स्वागताला बँड जमले होते. त्याच मुक्कामात आकाशवाणीवर त्या काळ्या माणसाचे नाव उच्चारण्यास गोऱ्या निवेदकाने नकार दिला आणि आर्मस्ट्राँगने स्वतःच स्वतःचे नाव पुकारले, असे तो सांगत असे. ज्याच्यापासून ही परंपरा सुरू झाली असे मानतात तो बोल्डन त्या वेळी त्याच संस्थानात जिवंत होता. त्याच वर्षी ४ नोव्हेंबर रोजी तो वारला. शहरातील होल्ट स्मशानात, गरिबांच्या जागेत, त्याला पुरले. त्या थडग्यावर खूण नव्हती. आज नेमकी जागाही सांगता येत नाही.

५

मृत्यूनंतर आठ वर्षांनी त्याचा दुसरा जन्म झाला. १९३९ मध्ये फ्रेडरिक रॅम्सी व चार्ल्स एडवर्ड स्मिथ यांनी ‘जाझमेन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. जाझचा गंभीरपणे विचार करणाऱ्या आरंभीच्या ग्रंथांपैकी हा एक. त्यात बोल्डनचे चित्र रंगविले होते ते असे : तो व्यवसायाने न्हावी, ‘द क्रिकेट’ नावाचे कुचाळ्यांचे एक पत्र तो चालवी, दिवसा वस्तरा, रात्री कॉर्नेट, आणि सदैव बायकांचा गराडा. चित्र मोठे मोहक होते, आणि त्याचा एक प्रमुख आधार होता बंक जॉन्सन नावाचा वृद्ध वादक. हा जॉन्सन न्यू आयबेरिया गावी विस्मृतीत दिवस काढीत होता. दात पडल्यामुळे त्याचे वाजविणेही थांबले होते. आपण १८७९ मध्ये जन्मलो व १८९५ मध्ये बोल्डनच्या बँडात होतो, असे त्याने अभ्यासकांना कळविले. त्याला नवी कवळी मिळाली, नवे वाद्य मिळाले, आणि आयुष्याच्या अखेरीस पुन्हा कीर्ती मिळाली. पुढील संशोधनाने असे दिसून आले की, त्याने आपले वय बहुधा दहा वर्षांनी वाढवून सांगितले होते. तसे असेल तर १८९५ मध्ये तो सहा वर्षांचा असला पाहिजे!

त्याला केवळ खोटारडा म्हणून मोकळे होणे मात्र न्याय्य नाही. जन्मभर कोणी ज्याला काही विचारले नाही, त्या गरीब कलावंताला एके दिवशी दूरच्या शहरातील विद्वान पत्र घालतात आणि विचारतात की, तुम्ही बोल्डनला पाहिले होते काय? ‘होय’ म्हटले तर दार उघडते, ‘नाही’ म्हटले तर ते पुन्हा बंद होते. साक्षीदाराचा स्वार्थ पाहावा हा इतिहासाचा नियम आहे. पण साक्षीदाराची लाचारी पाहावी हाही नियम असावयास हवा.

या दंतकथांचा निरास करण्याचे श्रेय डोनाल्ड मार्क्विस या संशोधकाकडे जाते. त्याने बाप्तिस्म्याच्या नोंदी, नामसूची, पोलिसांची दप्तरे आणि इस्पितळाचे कागद वर्षानुवर्षे चाळले. ट्युलेन विद्यापीठाने जमविलेल्या वृद्ध वादकांच्या मुलाखती तपासल्या. आणि १९७८ मध्ये बोल्डनचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यातून निष्पन्न झाले की, बोल्डन न्हावी नव्हता. वादकांना कामे मिळण्याचा अड्डा म्हणजे न्हाव्याची दुकाने असत, आणि बोल्डन तेथे बसत असे, एवढेच. त्याने वर्तमानपत्र चालविल्याला पुरावा नाही. स्टोरीव्हिल या वेश्यावस्तीत जाझचा जन्म झाला अशी समजूत आहे. परंतु बोल्डनचे वाजविणे मुख्यतः सभागृहांत आणि उद्यानांत होते. सुरईचा प्रसंग, अटका, तारखा, घराचे पत्ते हे सारे मार्क्विसनेच उजेडात आणले.

एक दंतकथा मात्र पूर्णपणे खरीही ठरली नाही आणि खोटीही. विली कॉर्निश सांगे की, गेलेल्या शतकाच्या अखेरीस या बँडाचे वादन मेणाच्या नळकांड्यावर ध्वनिमुद्रित झाले होते. त्या काळी अशी यंत्रे हौशी लोकांकडे असत. तेव्हा हे अशक्य नाही. ‘जाझमेन’च्या संपादकांपासून अनेकांनी शोध केला, नळकांडे मिळाले नाही. मिळाले असते तरी त्या मेणातून खरखरीपलीकडे काही ऐकू आले असते की नाही, कोण जाणे. पण त्या न सापडलेल्या दोन मिनिटांसाठी जगभरचे रसिक आजही झुरत आहेत.

६

आता प्रारंभी काढलेल्या प्रश्नाकडे वळू. दंतकथा गळून पडल्या. मागे राहिले ते दप्तर. पण हे दप्तर कोणी लिहिले, याचाही विचार केला पाहिजे. कृष्णवर्णीय गरिबाची नोंद त्या समाजात केव्हा होई? जन्मताना, मरताना, पोलिसांनी पकडल्यावर आणि वेडा ठरविल्यावर. तो गाताना, हसताना, हजारोंना नाचविताना त्याची नोंद घेणारा कारकून कोणत्याही कचेरीत नव्हता. अस्सल कागदावर विश्वास ठेवावा हे खरे. परंतु केवळ कागदावरच चरित्र लिहावयाचे म्हटले तर बडी बोल्डन हा सासूवर सुरई उगारणारा एक वेडा, एवढाच उरतो. कागद खोटे बोलत नाहीत; पण ज्यांनी ते लिहिले त्यांना ज्याची किंमत नव्हती त्याविषयी ते गप्प बसतात.

उलट, लोकांच्या आठवणी तपशिलात चुकल्या, तारखांत चुकल्या, मैलांच्या आकड्यांत तर अतोनात चुकल्या. तथापि एका मुद्द्यावर त्या एकवाक्यता दाखवितात : या माणसाच्या वादनाने त्यांच्या आयुष्यात काही नवे घडले, आणि तसे त्यापूर्वी त्यांनी ऐकले नव्हते. वीस मैलांवरून ऐकू येणारा आवाज हे भूगोलाच्या दृष्टीने असत्य असेल. पण ज्या समाजाला रस्त्यात मोठ्याने बोलण्याचीही चोरी होती, त्यातील एक माणूस सबंध शहराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने स्वतःला व्यक्त करीत होता, ही गोष्ट त्या अतिशयोक्तीने नेमकी जपून ठेविली आहे. आकडा खोटा, अभिमान खरा. इतिहासाने आकडा खोडावा आणि अभिमानाची नोंद करावी.

मार्क्विसच्या संशोधनाने दंतकथेचा रस आटला, अशी तक्रार काही रसिक करतात. मला तसे वाटत नाही. न्हावी-संपादक-विलासी असा तो रंगेल नायक नाटकात शोभला असता. त्याच्या जागी आता दिसतो तो सहाव्या वर्षी पोरका झालेला, गिलाव्याचे काम करणारा, आईजवळ राहणारा, दहा वर्षे सुरांच्या लाटेवर तरंगलेला आणि चोवीस वर्षे भिंती चाचपणारा माणूस. हा अधिक जवळचा वाटतो. दंतकथेने त्याला मोठे केले. दप्तराने त्याला माणूस केले.

त्याचे आकर्षण टिकून राहण्याचे आणखी एक कारण आहे. ज्याचे वादन ऐकता येते त्याच्याविषयी मतभेद होतात; अमुक मुद्रिकेत तो बेसूर झाला, तमुक मुद्रिकेत त्याने पुनरुक्ती केली, असे म्हणता येते. बोल्डनच्या मौनाला दोष लावता येत नाही. म्हणून प्रत्येक पिढी आपल्या कल्पनेतील उत्तम सूर त्याच्या वाद्यात घालते. जेली रोल मॉर्टनने १९३८ साली अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी आपल्या आठवणी मुद्रित करताना त्याला गौरविले. ड्यूक एलिंग्टनने ‘अ ड्रम इज अ वुमन’ या रचनेत त्याला पात्र केले. मायकेल ओंडाचे याने १९७६ मध्ये ‘कमिंग थ्रू स्लॉटर’ ही कादंबरी त्याच्यावर लिहिली. ऑगस्ट विल्सनच्या ‘सेव्हन गिटार्स’ नाटकात त्याची छाया फिरते. २०१९ मध्ये त्याच्यावर चित्रपट निघाला व त्यासाठी विंटन मार्सालिसने त्याच्या न ऐकलेल्या सुरांची कल्पना करून संगीत दिले. या प्रत्येकाचा बोल्डन निराळा आहे आणि एकालाही दुसरा खोटा पाडू शकत नाही.

परंतु त्याच्या सुरांचा माग केवळ कल्पनेतच लागतो असे नाही. त्याला ऐकलेल्या वादकांकडून ऑलिव्हरच्या पिढीने घेतले, ऑलिव्हरकडून आर्मस्ट्राँगने. आर्मस्ट्राँगच्या मुद्रिका जगभर गेल्या. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबे याचा कृष्णवर्णीय वादकांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला, आणि त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ व टेडी वेदरफोर्ड आले. चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकून मुंबईस आलेल्या गोमंतकीय वादकांनी त्यांचे ऐकून, कागद बाजूला ठेवून वाजविण्याची विद्या आत्मसात केली. न्यू ऑर्लिन्सच्या क्रिओल वादकांपुढे एके काळी जो पेच पडला होता तोच हा. त्यांपैकी अँटोनियो वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हा आर्मस्ट्राँगच्या ढंगाने ट्रंपेट वाजवी. आणि तोच पुढे सी. रामचंद्र या मराठी संगीतकाराच्या साहाय्याला आला. १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटातील गाण्यांच्या ठेक्यावर ज्यांचे पाय हलले त्यांना बोल्डनचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्या ट्रंपेटाचा वंशवृक्ष मागे मागे नेत गेले तर तो ज्या अंधाऱ्या सभागृहापाशी थांबतो, तेथे कागदावर नसलेले काहीतरी वाजविणारा एक तरुण उभा असतो.

त्याने वाजविलेले विरून गेले, हे खरे. वाद्यसंगीताचा धर्मच तो. श्वास संपला की सूर संपला. ध्वनिमुद्रणाने आपल्याला हे विसरावयास लावले आहे. बोल्डनचे चरित्र त्याची आठवण करून देते, आणि त्याबरोबरच हेही सांगते की, विरलेला सूर ज्यांनी ऐकला त्यांच्या वाजविण्यात, आणि त्यांचे ज्यांनी ऐकले त्यांच्या वाजविण्यात, तो अंशाअंशाने उरू शकतो. असे उरणे कोणत्याही दप्तरात सापडत नाही. ते शोधावयाचे तर कान द्यावा लागतो.